खोलीच्या दारावरचं नाव

शार्लट, नॉर्थ कॅरोलिना
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र दिवाळीच्या आधी पोचत नाही, मला माहीत आहे. पण यातली गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. आजीला फोनवर ऐकू येत नाही, आणि व्हिडिओ लावला की ती माझ्याकडे बघायचं सोडून कोपऱ्यातल्या चौकोनात स्वतःलाच निरखत बसते. म्हणून कागद घेतला. दुपारचा डोळा लागून ती उठली, चहा झाला, की तिच्या डाव्या कानाशी बस आणि मोठ्यानं वाच. मधेच ती काही बोलायला लागली तर पत्र बाजूला ठेव आणि ती बोलेल ते लिहून घे. कशासाठी, ते पुढे येईलच.

गेल्या शुक्रवारी रजा काढून मी डोंगरात गेले होते. एकटीच. पोचल्याबरोबर दादाला मेसेज टाकला होता, तेव्हा 'एकटी कशाला' हे आता नको. ऑफिसात तीन महिने मान वर करायला फुरसत नव्हती, आणि या दिवसांत इथली झाडं लाल-पिवळी होतात ती बघायला अख्खं शहर डोंगराकडे पळतं. मीही पळाले. शार्लटहून तीनेक तासांवर हॉट स्प्रिंग्स नावाचं पाचेकशे वस्तीचं खेडं आहे. नावाप्रमाणे गरम पाण्याचे झरे आहेत. आपल्या वज्रेश्वरीसारखेच, फक्त इथे पाण्यात बसायचे तासावर पैसे घेतात. पाय बुडवले आणि आजीचे गुडघे आठवले.

गाव नदीच्या काठाला, फ्रेंच ब्रॉड नदीच्या. चारी बाजूंनी डोंगर. ताम्हिणीची आठवण येते, पण कडे नाहीत. गोल गोल, झाडांनी गच्च भरलेले, आणि सकाळी दहापर्यंत धुक्यात. गावातल्या मोठ्या रस्त्यावरूनच ॲपलेशियन ट्रेल नावाची पायवाट जाते. जॉर्जिया राज्यात निघते, चौदा राज्यं ओलांडते आणि मेनमध्ये संपते. सगळी मिळून साडेतीन हजार किलोमीटर. पाठीवर बिऱ्हाड घेतलेली, दाढ्या वाढलेली पोरं दुकानाच्या पायरीवर बसून पायाचे फोड बघत होती. त्यांना बघून मला वारीतला मुक्काम आठवला. विठ्ठल कुठे दिसला नाही, ही गोष्ट वेगळी.

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर हेलन वादळ आलं तेव्हा तू रोज दोनदा फोन करायचीस, आठवतं? आम्हाला शार्लटला फारसा त्रास झाला नाही, पण या डोंगरातल्या नद्यांनी गावंच्या गावं धुऊन नेली. हॉट स्प्रिंग्समधून वाहणारा ओढा तर थेट दुकानांत घुसला होता. वर्ष उलटलं तरी काही दारांवर फळ्या ठोकलेल्या दिसल्या. मी उतरले ते घर चढावर होतं, म्हणून वाचलेलं.

आता मुद्द्याचं. ते घर म्हणजे जुनी लाकडी सराई. दुमजली, पुढे लांबच लांब पडवी, पडवीत हलत्या खुर्च्या, आणि जिना असा की रात्री पाण्याला उठलं तर सगळ्या घराला कळावं. खोल्यांना नंबर नाहीत, नावं आहेत. एकीला नदीचं नाव, एकीला कुठल्याशा डोंगराचं. माझ्या खोलीच्या दारावर लाकडात कोरलेलं होतं, 'सेसिल शार्प'. मला वाटलं, हा घराचा जुना मालक असेल. किंवा कुणी कर्नल. इथे जुन्या घरांतून कर्नल फार निघतात.

आत पलंगाच्या वर एक फोटो. एक म्हातारी खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसलेली. समोर एक पुरुष आणि एक बाई, दोघांच्या हातात कागद-पेन्सिल, दोघंही खाली मान घालून लिहितायत. म्हातारीचं तोंड किंचित उघडं. एवढंच. पण आई, मी बॅगसुद्धा खाली न ठेवता त्या फोटोसमोर उभी राहिले. तशी एक म्हातारी आणि तशी एक लिहिणारी मला चांगली माहीत होती.

शुक्रवारी संकष्टी होती. चंद्र डोंगराआडून वर यायला फार उशीर लागला, तोवर मी पडवीत बसून होते आणि सराईची मालकीणबाईही गप्पांना बसली. सत्तरीची असेल. मी काही खात का नाही म्हणून तिनं तीनदा विचारलं. उपास म्हणजे काय ते सांगितल्यावर तिनं मला सेसिल शार्पची गोष्ट सांगायला घेतली, आणि सुरुवात कुठून केली, तर तो मांस खात नसे इथून. बाकीची गोष्ट थोडी तिच्याकडून, थोडी तिच्या कपाटातल्या पुस्तकांतून मी गोळा केली, ती अशी.

हा शार्प मूळचा लंडनचा, संगीताचा मास्तर. १९०३ साली सॉमरसेट परगण्यात एका पाद्री मित्राकडे गेला होता. तिथे बागेत माळी गवत कापता कापता गुणगुणत होता. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड. शार्पनं कागद काढला आणि ते गाणं स्वरांसकट उतरवून घेतलं. तेव्हापासून त्याला वेडच लागलं. सायकलवर खेडोपाडी हिंडायचं, म्हाताऱ्या माणसांना गायला लावायचं आणि लिहून घ्यायचं. पहिलं महायुद्ध सुरू झालं, इंग्लंडमध्ये पोटापाण्याचं जमेना, म्हणून तो अमेरिकेत आला. इथे १९१५ मध्ये त्याला ऑलिव्ह डेम कॅम्पबेल नावाची बाई भेटली. तिचा नवरा या डोंगरांतल्या शाळा बघत हिंडायचा आणि ती बरोबर जायची. तो शाळा मोजायचा, ही गाणी टिपायची. ती वही घेऊन ती शार्पकडे गेली. शार्प तेव्हा कंबर धरून अंथरुणात पडला होता. वही वाचून उठून बसला म्हणतात. जी गाणी त्याच्या देशात मरायला टेकली होती, ती दोनशे वर्षांपूर्वी बोटीतून आलेल्या लोकांच्या नातवंडा-पणतवंडांच्या तोंडी इथे डोंगरात ठणठणीत जिवंत होती.

१९१६ च्या उन्हाळ्यात तो इथे आला तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. दम्याचा पेशंट. बरोबर मॉड कार्पेलस, तिशीची, त्याची मदतनीस. फोटोतली दुसरी पेन्सिल तिची. तो स्वर लिहायचा, ती लघुलिपीत शब्द लिहायची. रस्ते नव्हतेच, ओढ्याच्या पात्रातून, दगडांवरून मैलोन्‌मैल चालायचं, एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत. जेवायला सगळीकडे डुकराची चरबी, भाजीतसुद्धा. हा बिचारा अंडी, भाकरी आणि सफरचंदांवर दिवस काढायचा. मी शनिवारी सकाळी टेबलावर बसले तर पुढ्यात मऊ पावांवर पांढरी जाड ग्रेव्ही, आणि त्यात सॉसेजचे तुकडे. मालकीणबाई हसली आणि म्हणाली, शार्पच्या खोलीतल्या माणसाला शार्पचंच जेवण मिळणार. मग तिनं मक्याच्या कण्या केल्या. हो, कण्याच, अगदी आपल्यासारख्या शिजवलेल्या. इथे त्यांना ग्रिट्स म्हणतात. वर लोणी घातलं. आजीला सांग, ताक असतं तर दोन वाट्या खाल्ल्या असत्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिकडे फ्रान्सच्या लढाईत त्याचा तरुण मित्र जॉर्ज बटरवर्थ मारला गेला. तोही गाणी गोळा करणारा, स्वतः उत्तम संगीतकार. बातमी इतक्या लांब डोंगरात पोचली तेव्हा शार्प कुठल्या झोपडीत बसून कुठलं गाणं लिहीत असेल, हे मला रात्री उगीच सुचत राहिलं.

शार्पनं आपल्या गाण्यांच्या पुस्तकात लिहिलंय की आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अशी माणसं भेटली, ज्यांना गाणं म्हणजे बोलण्याइतकंच रोजचं होतं. म्हातारेच गातात असं नाही, पोरंही गातात. एका झोपडीत तो गाणं ऐकत बसला असताना एक बारकं पोर हळूच आत सरकलं. का आलास विचारल्यावर म्हणालं, जिथे गोड गाणं असेल तिथे जायला मला आवडतं.

ही गाणी कसली ते आजीला सांग, तिला मजा वाटेल. बहुतेक गोष्टीच. मोठी बहीण धाकटीला पाण्यात ढकलते. बाई मूल टाकून परक्याबरोबर बोटीत बसते आणि बोट बुडते. सैतान शेतकऱ्याची भांडखोर बायको उचलून नेतो आणि तिच्या तोंडाला कंटाळून परत आणून सोडतो. मारामाऱ्या, खून, धोके. आणि या डोंगरातले लोक या सगळ्याला मिळून म्हणत 'प्रेमाची गाणी'. शिकायची पद्धतही आपल्यासारखीच. शिकवणारी आणि शिकणारी समोरासमोर बसायच्या, गुडघ्याला गुडघा लागेल अशा, आणि एकेक कडवं एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडात. वही नाही की पेटी नाही. गाताना हातवारे नाहीत, चेहऱ्यावर काही नाही. शेजारणीच्या घरची हकीकत सांगावी तसं सरळ सांगून मोकळं व्हायचं.

आता हे नीट वाच. शार्पनं लिहिलेली एक गोष्ट आहे. एका गाणाऱ्याला त्यानं गाणं म्हणायला सांगितलं. सुरुवात झाली आणि अडलं. आठवेचना. तेव्हा ते माणूस वैतागून म्हणालं, मी आत्ता गाई हाकत घराकडे निघालेलं असतं ना, तर एका दमात म्हटलं असतं!

आई, हे वाक्य वाचलं आणि मी मोठ्यानं हसले. शेजारच्या खोलीतल्या माणसानं भिंतीवर टकटक केलं.

तुला आठवतं का, मी आठवीत असताना शाळेत प्रकल्प दिला होता, 'आपल्या परिसरातील लोकगीते'? मी शंभर पानी वही घेऊन आजीच्या खाटेपाशी बसले आणि हुकूम सोडला, "आजी, ओव्या म्हण." आजीनं तोंड उघडलं, दोन शब्द म्हणाली आणि थांबली. पुन्हा थांबली. मग म्हणाली, "आगं, आशी खाटल्यावं बसून न्हाई यायची ती. जात्याचा खुटा हातात आला का मंग आपसूक येती." गावात गिरणी येऊन तेव्हा वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. जातं मागच्या पडवीत गोवऱ्यांखाली पडलेलं. दादानं आणि बाबांनी ते ओढून काढलं, धुतलं. खुंटा सैल झाला होता, त्याला चिंधी गुंडाळून ठोकला. तू मूठभर नाचणी दिलीस आणि म्हणालीस, जास्त देणार नाही, पीठ भरड निघेल. जात्याला टाकी लावलेली नव्हती ना, दगड गुळगुळीत झालेला.

आजी बसली. एक पाय पसरून, एक दुमडून. दोन फेरे नुसतेच घुमवले. तिसऱ्या फेऱ्याला आवाज आला. आणि मग थांबेचना. मी लिहू कशी? मी म्हणायची, "आजी, थांब, परत म्हण," आणि तिचा हात थांबला की ओवीही थांबायची. हात फिरला की पुन्हा सुरू, पण दुसरीच. शेवटी तू माझ्याबरोबर लिहायला बसलीस. पहिली ओळ तू, दुसरी मी. आज लक्षात येतं की आपण दोघी म्हणजे शार्प आणि मॉड होतो. त्यातली एक मला पाठ आहे:

जात्याच्या दगडा, तुला कान न्हाई डोळा
तुझ्यापाशी केला बाई, जन्म सारा गोळा

आणि एक अर्धीच आहे. 'डोंगराच्या पल्याड लेक नांदायला गेली', आणि पुढे वहीत नुसते टिंब टिंब. तेवढ्यात आजोबा शेतावरून आले होते, आजीनं पदर सावरला आणि उठली. पुढची ओळ राहिली ती राहिलीच.

शनिवारी दुपारी मी गावात फिरायला निघाले. चर्चच्या पुढे वळणावर एक जुनं मोठं पांढरं घर आहे. तिथेही गेली कित्येक वर्षं वाटसरू उतरतात. समोर राज्य सरकारची लोखंडी पाटी. तिच्यावर लिहिलंय, इंग्लंडचा लोकगीत अभ्यासक सेसिल शार्प यानं १९१६ मध्ये या 'लॉरेल' मुलखात गाणी गोळा केली. त्यातली पुष्कळ गाणी देणाऱ्या जेन जेंट्री इथे राहत. अशा क्रमानं. पाहुणा आधी, घरची बाई नंतर.

या जेनबाई कोण, ते मालकीणबाईनं रात्री सांगितलं. जन्म १८६३ चा. आजोळ-माहेर सगळं गाण्या-गोष्टींचं. नऊ मुलं. डोंगरातलं शेत सोडून या गावात आल्या त्या १८९८ साली, कारण इथे मिशनची शाळा होती आणि मुलं शिकावीत असं त्यांच्या मनात होतं. शार्प त्यांच्याकडे आला तेव्हा बाई पन्नाशी ओलांडलेल्या, हाताला सतत काम. त्यांनी त्याला जवळजवळ सत्तर गाणी दिली. या सगळ्या डोंगरात एका तोंडून इतकी गाणी त्याला दुसऱ्या कुणाकडून मिळाली नाहीत. गोष्टीही अशा सांगायच्या की नंतर एक बाई खास त्या गोष्टी लिहून घ्यायला आली. त्यांची मुलगी मॉड लाँग, तिनं आईची गाणी १९४७ साली वॉशिंग्टनला जाऊन सरकारी ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रित केली. म्हणजे आता त्या घराण्याचा आवाज तिथे जपून ठेवलेला आहे.

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. सत्तर गाणी देणारी बाई, आणि खोलीला नाव कुणाचं? येऊन लिहून नेणाऱ्याचं! मी मालकीणबाईला बोलून दाखवलं. म्हटलं, आमच्याकडेही असंच चालतं, दळणारी एक आणि पीठ नेणारा दुसरा. आणि ती मदतनीस मॉड कार्पेलस? शब्द सगळे तिनं लिहिले. तिच्या नावाची न्हाणीघराची सुद्धा खोली नाही. ऑलिव्हबाईंचंही तेच. तिच्या वहीवाचून हा माणूस इकडे फिरकला तरी असता का?

बाई काही बोलली नाही. उठली, आतल्या कपाटातून दोन जाड खंड आणले आणि माझ्या मांडीवर ठेवले. शार्पचं पुस्तक. पहिलं रूप १९१७ मध्ये निघालं, ऑलिव्ह कॅम्पबेलचं नाव घेऊन, शार्पच्या नावाच्या आधी. तो गेला १९२४ मध्ये, आणि ही मोठी आवृत्ती मॉडनं १९३२ मध्ये काढली. तीन वर्षांत मिळून शेहेचाळीस आठवडे ते या डोंगरांत होते. २८१ गाणारे, १६१२ चाली. बाई म्हणाली, "कुठलंही पान उघड."

उघडलं. वर चाल. तिच्या डोक्यावर बारीक अक्षरात: श्रीमती जेन जेंट्री यांनी गायलेलं, हॉट स्प्रिंग्स, नॉर्थ कॅरोलिना, तारीख, ऑगस्ट १९१६. दुसरं पान. दुसरी कुणी बाई, दुसरं गाव, तारीख. तिसरं पान, तसंच. मी पन्नासेक पानं उलटली. एकही चाल निनावी सापडली नाही. जिच्या तोंडून आली तिचं नाव, जिथे बसून गायली ते गाव, आणि दिवस.

आई, मी पुस्तक मिटलं. मला माझी वही आठवली. तिच्या पहिल्या पानावर काय आहे, तुला माहीत आहे? रंगीत पेननं वेलबुट्टी काढून मी लिहिलंय: 'जात्यावरच्या ओव्या. संग्राहक:' आणि पुढे माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव, इयत्ता आठवी अ, हजेरी क्रमांक सतरा. बाईंनी लाल शाईत 'अतिउत्तम' दिलं. जिल्ह्याच्या प्रदर्शनात वही गेली, मला प्रशस्तिपत्र मिळालं, ते बाबांनी फ्रेम करून ओटीवर लावलं. आजीचं नाव वहीत कुठेही नाही. एका ओवीखालीसुद्धा नाही. 'माझी आजी' असंदेखील नाही. प्रशस्तिपत्र घरी आलं तेव्हा तिनंच माझी दृष्ट काढली होती.

शार्पला मी डोक्यावर घेतेय असं समजू नकोस. त्याला इंग्लंडचं हरवलेलं गाणं हवं होतं आणि त्याचे कान तेवढ्यालाच उघडे होते. या डोंगरात बँजो होता, देवाची गाणी होती, काळ्या लोकांची गाणी होती. त्यातलं बहुतेक तो ओलांडून पुढे गेला. काळ्या लोकांबद्दल त्यानं डायरीत जे लिहिलंय ते वाचवत नाही. आणि ही जमीन मुळात ज्या चेरोकी लोकांची, त्यांच्या गाण्यांसाठी तर त्यानं कागदच काढला नाही. मालकीणबाईनंही हे लपवलं नाही. म्हणाली, ज्यानं घेतलं त्याची खोली आहे, ज्याचं राहिलं त्याची नाही. पण नावांच्या बाबतीत त्याची माझ्यावर कडी आहे, हे मान्य करावंच लागतं.

त्या रात्री झोप येईना म्हणून मोबाइल घेऊन बसले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्याचेच झालेले गी पॉइतवाँ यांनी आपल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हे मी ऐकून होते, कधी उघडून बघितलं नव्हतं. लाखाच्या वर ओव्या आहेत गं! आता 'पारी' या ग्रामीण भारताबद्दलच्या संकेतस्थळावर त्यातल्या काही ऐकायलाही मिळतात. आणि प्रत्येकीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका. आपल्या मुळशीतल्या कितीतरी बायका आहेत. कुणाचा फोटो, कुणाचा आवाज, मागे कोंबड्या. हॉट स्प्रिंग्सच्या थंडीत शार्पच्या पलंगावर पांघरूण घेऊन मी पहाटे दोनपर्यंत मुळशी ऐकत होते. आजीच्या माहेरच्या गावाचंही नाव टाकून बघितलं. तिच्या ओळखीची एखादी असेलही, पण मला कशी ओळखू येणार? आजीची भावंडं, चुलत्या, मैत्रिणी, कुणाचीच नावं मी कधी विचारली नाहीत.

रविवारी निघताना मालकीणबाईनं विचारलं, राहण्याबद्दल काही तक्रार? म्हटलं, खोलीबद्दल नाही, पाटीबद्दल आहे. ती म्हणाली, पाटी बनवणारा सुतार जवळच राहतो, पुढच्या खेपेला येशील तेव्हा बघू. हसत होती, पण काउंटरवरच्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं खरं.

आता कामाचं. ती वही माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत आहे, माझ्या शाळेच्या दाखल्यांखाली. दादाला काढायला सांग. वाळवी लागली नसली तर पहिल्या पानावरचं माझं नाव राहू दे, लिहिलं मी हे खरंच आहे. पण प्रत्येक ओवीखाली आजीचं नाव आणि गाव लिही. तारीख मला आठवत नाही. नागपंचमीच्या आसपास होतं, तू हाताला मेंदी लावली होतीस आणि पेन नीट धरता येत नव्हतं म्हणून कुरकुरत होतीस. तेवढं लिही. ज्या ओळी तुझ्या अक्षरात आहेत, तिथे तुझंही नाव घाल.

आणि ती अर्धी ओवी. आजीला एकदम विचारू नकोस, तिला यायची नाही. सांग, पोरगी विचारतेय, 'डोंगराच्या पल्याड' म्हणून सुरू होणारी. मग थोडा वेळ गप्प बस.

एकच अडचण आहे. नाव लिही म्हणते खरी, पण कुठलं लिहायचं? रेशनकार्डावरचं तिचं नाव आपल्या घरात लग्नाच्या दिवशी तांदळात लिहून ठेवलेलं. त्याआधीची सगळी वर्षं तिला तिकडे, धरणापल्याड, दुसऱ्याच नावानं हाक मारत असणार. ओव्या तर ती तिकडेच शिकली, तिच्या आईच्या गुडघ्याला गुडघा लावून. ते नाव मला माहीत नाही. तुलाही माहीत नसेल, आणि बाबांना तर नाहीच. तिलाच विचार. ती सांगेल ते लिही.

बाबांना नमस्कार, दादा-वहिनींना आठवण, पिल्लूला पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. गेल्या खेपेला दादा म्हणत होता की जातं बागेत कुंडीखाली शोभेला ठेवतो. त्याला म्हणावं, थांब. आणि त्याला टाकी लावून देणारं कुणी अजून पौडच्या बाजारात येतं का, ते बघ.